दापोलीच्या किनाऱ्यावर भाऊ लग्नाची मागणी घालणार आहे, फोटो मी काढायचे आहेत. मदत करा

सुरुबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हातात जेमतेम बारा दिवस आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालते.

माझा मामेभाऊ २९ वर्षांचा. तो आणि ती चार वर्षं एकमेकांना ओळखतात, दोन्ही घरांना माहीत आहे, येणंजाणंही आहे. आता मोठी माणसं बोलणीला बसणार हे दिसतंच आहे. पण त्याच्या मनात असं आहे की बोलणी व्हायच्या आधी आपण स्वतः तिला विचारायचं. 'मोठ्यांनी ठरवलं आणि आम्ही मान डोलावली असं नको, ताई,' असं म्हणाला. मला ते फार आवडलं.

पौषातल्या पौर्णिमेला जोडून आम्ही दोन्ही घरची चौदा माणसं दापोलीला चाललो आहोत. पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर, ताम्हिणी-माणगाव-मंडणगड करत. सोबत ८१ वर्षांची आजी, मामा-मामी, तिचे आईवडील, धाकटी बहीण, आणि आमचं पाच वर्षांचं शेंडेफळ. मुक्काम मुरुडजवळ एका घरगुती ठिकाणी. पौर्णिमेला संध्याकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी तो गुडघा टेकणार, भोवती सगळे गोल करून उभे राहणार, वाळूत दिव्यांच्या माळांची अक्षरं मांडणार, असा बेत आहे. फोटोंची जबाबदारी माझी.

मी वाढदिवस, बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढले आहेत. तिथे चुकलं तर 'पुन्हा एकदा हसा' म्हणता येतं, इथे ते म्हणता येणार नाही. माझ्याकडे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-१५० मिमीची झूम लेन्स आहे, फ्लॅश नाही. कुठे उभं राहू, तिला कळू न देता कॅमेरा कसा तयार ठेवू, आणि उजेड किती वेळ पुरेल?

---

उजेडवाला

बारा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, अशा मागण्या गेल्या काही वर्षांत पंधरा-सोळा टिपल्या असतील. सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचं चुकतं ते कॅमेऱ्यात नाही, उभं राहण्याच्या जागेत.

पहिली गोष्ट दिशा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून लोक जमिनीच्या बाजूला उभे राहतात आणि समुद्राकडे कॅमेरा रोखतात. मग मिळतात दोन काळ्या आकृत्या. एखादा तसा फोटो सुंदर दिसतो, पण तिचा चेहरा हरवतो, आणि या सगळ्यात मोलाचा तो चेहराच असतो. जानेवारीत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, चांगला नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो. म्हणून तुम्ही दोघांच्या दक्षिणेला उभ्या राहा, किनाऱ्याला समांतर. सूर्य तुमच्या डाव्या खांद्यामागे येईल आणि कोवळं ऊन त्या दोघांवर पडेल.

दुसरी गोष्ट भावाला पाठ करायला लावा: त्याची पाठ समुद्राकडे, तिचं तोंड समुद्राकडे. असं केलं की मावळतीचा सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो, आणि तिचा डावा हात तुमच्या बाजूला राहतो. अंगठी डाव्या हातात जाणार. ती उजवीकडून टिपायला गेलात तर दोघांच्या अंगाआड जाते. डबी त्याने छातीपेक्षा खाली धरायची. घाईत मुलं ती तोंडासमोर धरतात आणि स्वतःचाच चेहरा झाकतात.

अंतर: लेन्स पूर्ण झूम करून १५० वर, पंधरा मीटरवरून, उभ्या फ्रेममध्ये साधारण सव्वादोन मीटर उंची मावते. म्हणजे उभी ती, टेकलेला तो आणि पायाखाली थोडी वाळू. आडव्या फ्रेमसाठी वीस-पंचवीस मीटरवर जा. शटर १/८००, ॲपर्चर ती लेन्स देईल तितकं उघडं, आयएसओ ऑटोवर ठेवून ३२०० ची मर्यादा घाला. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा, नाहीतर आकाश पांढरं फटक पडतं. फोकस सर्वोवर, म्हणजे हलणाऱ्या माणसामागे सरकत राहणारा, डोळा ओळखणारा, आणि तो *तिच्यावर* लावा. त्याच्यावर नको. तो काय करणार हे आपल्याला माहीत आहे.

आवाजाची चिंता नको. समुद्राच्या गाजेत वीस पावलांवर शटर ऐकू येत नाही.

आणि एक फार साधी गोष्ट. अंगठी डबीला दोऱ्याने बांधा. ओल्या वाळूत पडलेली अंगठी शोधत अर्धं गाव वाकलेलं मी पाहिलं आहे. सापडली, पण तोवर अंधार झाला होता.

---

पुणेरीचहा

कॅमेरा लपवायला जाऊ नका. पहिल्या दिवशी गाडीत बसताना जो गळ्यात अडकवाल तो तिसऱ्या दिवशीच काढा. ताम्हिणीत चहाला थांबलात, फोटो. आजी गाडीतून उतरतेय, फोटो. कुणी वडा खातंय, फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे तुमच्याकडे बघायचे बंद होतील. घरच्या सहलीचा हाच मोठा फायदा, फोटो काढणारी ताई प्रत्येक घरात असतेच.

---

खाडीपलीकडे

मी इथलाच, हर्णैजवळचा. आमच्याकडेही पाहुणे उतरतात, त्यामुळे हे प्रकार बघतो.

पौर्णिमा निवडलीत ते फार बरं झालं. ठरवून केलंत की योगायोगाने, माहीत नाही, पण त्यामागे भरतीचं गणित आहे. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला पाणी भरलं की साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सूर्य मावळतो सव्वासहाच्या आतबाहेर. त्या वेळी पाणी लांब गेलेलं असतं, पुळण रुंद असते आणि ओल्या वाळूत आकाश उतरलेलं दिसतं. हेच अष्टमीला आलात तर आठ पाऊण सहा, ऐन सूर्यास्ताला पाणी काठाला, आणि उभं राहायला सुरूच्या झाडांची मुळं. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चला. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जितकं आत जातं तितक्याच जोराने फिरतं. साडेसहानंतर पाण्याकडे पाठ करून फार वेळ बसू नका.

जागेबद्दल. मुरुडला संध्याकाळी गर्दी असते. घोडागाड्या, उंट, वाळूत पळणाऱ्या गाड्या, भेळवाले. तुमच्या फोटोत मागे कुणाचा तरी उंट येणारच. त्यापेक्षा दक्षिणेला कर्दे. लांबलचक किनारा, माणूस कमी. वस्तीपासून जरा पुढे चालत जा.

---

रानमेवा

दिव्यांच्या माळांची अक्षरं कृपा करून नकोत. याच पट्ट्यात, वेळास, आंजर्ले, कोळथरे आणि आजूबाजूला, ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात रात्री अंडी घालायला वर येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं दीडदोन महिन्यांनी बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालू लागतात. किनाऱ्यावरच्या उजेडाने मादी परत फिरते, पिल्लं वाट चुकून जमिनीकडे जातात. आकाशकंदील, फटाके, मोठे दिवे, काहीच नको. गावोगावी लोक पहाटे उठून घरटी राखतात. त्यांच्या कष्टावर आपल्या हौसेचं पाणी पडू नये.

---

सुरुबन

रानमेवा, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. माळा रद्द. खाडीपलीकडे, पौर्णिमा निव्वळ सुट्टी जुळली म्हणून आली, पण आजीला पाऊणपटीचं सांगितलं तर तिला ठाऊक होतं. तिचं माहेर गुहागरकडचं. तिने बोटांवर मोजून सव्वाअकरा सांगितले आणि मग विचारलं, 'तुला कशाला हवीय भरती?' मी विषय बदलला.

---

अबोली

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. धागा आनंदाचा आहे, तरी सांगते.

सहा वर्षांपूर्वी मला अशीच मागणी घातली होती. कोकणातच, दुसऱ्या एका किनाऱ्यावर. त्याचे आईवडील, काका, माझी आई, मावश्या, मिळून वीस माणसं. कुणीतरी व्हिडिओ घेत होतं. तो गुडघ्यावर बसला आणि वीस चेहरे माझ्याकडे बघू लागले. माझ्या मनात तेव्हा बरेच प्रश्न होते, ते मी त्याच्याशी बोलणार होते. पण आईचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी 'मला थोडा वेळ दे' हे चार शब्द मला उच्चारता आले नाहीत. मी मान हलवली. चार महिन्यांनी मोडलं, आणि मोडताना दोन्ही घरांना जो त्रास झाला तो सगळा त्या दहा सेकंदांमुळे झाला असं मला अजून वाटतं.

त्या व्हिडिओत मी हसतेय. पाहणाऱ्या कुणालाही वाटेल किती खूश आहे.

तुमच्या भावाचं आणि तिचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण भोवती गोल करून उभं राहणं टाळता आलं तर टाळा. विचारणारा एक असावा आणि उत्तर देणारी एक.

---

उजेडवाला

अबोली, लिहिलंत हे बरं केलंत. माझा नियम सांगतो. काम घेण्याआधी मी मुलाला दोनच प्रश्न विचारतो. लग्नाबद्दल तुम्ही दोघं मोकळेपणी बोलला आहात का? तिला चारचौघांत लक्ष वेधलेलं आवडतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर मी काम घेत नाही. आश्चर्य वेळेचं असावं, प्रश्नाचं नसावं. आणि तिचा चेहरा उतरलेला दिसला तर कॅमेरा खाली. ते फोटो मी तिथल्या तिथे पुसतो, मुलालाही दाखवत नाही.

---

आजोळ

एक आठवण म्हणून. तुम्ही जिथे उतरणार आहात ते मुरुड महर्षी कर्व्यांचं. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, वयाच्या शंभरीत. आज त्याच गावाशेजारी एक मुलगा घरच्या थोरामोठ्यांच्या देखत 'मी आधी तिला विचारणार' म्हणतो, आणि थोरमोठे हौसेने गाडी ठरवतात. इथवर यायला किती माणसांनी किती सोसलं आहे. जमलं तर गावात त्यांच्या पुतळ्यापाशी दोघांचा एक फोटो घ्या.

दुसरं म्हणजे पौषाचं. घरातल्या कुणी अजून विषय काढला नाही का? आमच्याकडे पौषात लग्नाचं बोलतसुद्धा नाहीत.

---

सुरुबन

अबोली, तुमचं लिहिणं मी भावाला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'तिला गर्दीत बोलता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि तरी मी गोल करून उभं करणार होतो.' लग्नाबद्दल ते दोघं बोललेले आहेत. कुठे राहायचं, तिची नोकरी, तिच्या आईवडिलांची पुढे काळजी कोण घेणार, सगळं. तेवढी खात्री मी करून घेतली.

नवा बेत असा. सगळे घरी अंगणात चहा आणि भजी खात बसतील. ते दोघं आणि मी कर्द्याच्या किनाऱ्यावर. मी आमच्या मुलीला शिंपले वेचायला नेते असं सांगून आधीच पुढे जाणार, नवरा सोबत. दोन्ही आयांना सांगितलं आहे. बाकी कुणाला नाही. आजीला नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

आणि हो, आजोळ, पौषाचा विषय मामीने काढलाच. त्यावर होणाऱ्या वहिनीच्या आईने जे सांगितलं ते सगळ्यांनी मान्य केलं: 'मुलं विचारतील पौषात, साखरपुडा करू माघात.'

---

पुणेरीचहा

विहीणबाई भारी आहेत!

---

उजेडवाला

निघायच्या आधी चार गोष्टी. खोलीत एसी असेल तर कॅमेरा संध्याकाळी थेट बाहेर आणू नका, दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास आधी बॅगेत बंद ठेवूनच ओटीवर आणा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. खारा वारा काचेवर चिकट थर धरतो, उन्हाकडे बघितलं की फोटो धुरकट येतो, म्हणून मऊ फडकं खिशात ठेवा आणि ऐन वेळेच्या पाच मिनिटं आधी पुसा. आणि रॉमध्ये (मोठ्या, कच्च्या फाइलींत) बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, मारताना बोट सारखं दाबून धरू नका. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरला की कॅमेरा थांबतो आणि तो नेमका नको तेव्हा थांबतो. थोडं थोडं दाबा. नवऱ्याच्या फोनवर ४के व्हिडिओ चालू ठेवा. त्यातली एक फ्रेम आठ मेगापिक्सेलची असते, घरात लावायच्या फोटोला पुरते.

---

*(दहा दिवसांनंतर)*

सुरुबन

झालं. छान झालं. सगळं सांगते, कारण यात तुम्हा सगळ्यांचा हात आहे.

पहिले दीड दिवस मी इतके फोटो काढले की तिच्या बहिणीने 'ताई, आता पुरे' असं चक्क हात जोडून सांगितलं. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना, कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या आजी दोघांच्या आधाराने चढत असताना, जेवताना सोलकढीची वाटी तोंडाला लावलेले मामा. पुणेरीचहा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी म्हणजे खांबावर टांगलेला कंदील झाले होते, कुणाचं लक्ष नाही.

पौर्णिमेला पावणेसहाला मी मुलीला आणि नवऱ्याला घेऊन पुढे गेले. पाणी खरंच लांब गेलं होतं. ओली वाळू इतकी गुळगुळीत की आमची मुलगी स्वतःचं प्रतिबिंब बघत उलटी चालत होती. मी दक्षिणेला जाऊन बसले, मुलीसमोर शिंपल्यांचा ढीग करून. काच पुसली. फडकं पिवळसर चिकट निघालं. आदल्या दिवशी मी ते पुसलंच नव्हतं आणि त्या संध्याकाळचे सगळे फोटो धुकट आले होते, हे रात्री कळलं होतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी ते दोघं सुरूच्या झाडांतून बाहेर आले. टोपी काढणं ही आमची खूण होती. तो चालत आला, वळला, समुद्राला पाठ केली. बरोबर जसं सांगितलं होतं तसं. ती समुद्राकडे बघत काहीतरी सांगत होती, हातवारे करून, बहुतेक ऑफिसातलं. त्याने टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून दातात धरली आणि खिशात हात घातला. ती बोलता बोलता थांबली. तो खाली बसला तेव्हा ओल्या वाळूत त्याचा गुडघा रुतला आणि भोवती पाण्याची छोटी चकती झाली. हे मी नंतर फोटोत पाहिलं. त्या वेळी मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, चौकटीतला तो छोटा चौकोन तिच्या डोळ्याला चिकटून होता आणि माझे हात गार पडले होते.

उजेडवाला, तुम्ही बजावूनही माझ्याकडून चूक झालीच. बोट दाबून धरलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, तिथवरचं सगळं आलं, आणि ती मान हलवते आहे तेव्हा कॅमेरा थांबला. दोन सेकंद काही नाही. ती मान हलवणं माझ्याकडे नाही. ते नवऱ्याच्या फोनवरच्या व्हिडिओत आहे, आणि त्यातही समोरून आमची कन्या मूठभर शिंपले घेऊन धावत जाताना दिसते. तरी आहे, एवढं समाधान.

आणि आता दोऱ्याचं. अंगठी मी स्वतः बांधली होती, जाड पांढऱ्या दोऱ्याने, दुहेरी गाठ मारून. इतकी घट्ट की त्याला ती सुटेना. हात थरथरत होते, गाठ आणखी आवळली गेली. तो वर बघून काहीतरी म्हणाला. ती खाली वाकली, त्याच्यासमोर वाळूत बसली, डबी त्याच्या हातातून घेतली आणि दोरा दाताने तोडला.

तोपर्यंत कॅमेरा पुन्हा सुरू झाला होता.

तो फोटो मी किती वेळा पाहिला असेल. दोघं गुडघ्यांवर, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ. तिच्या डाव्या हातात डबी, दातात दोरा, डोळे मिटलेले, गालावर पाणी आणि त्यावर ऊन. तो तिच्याकडे बघतोय. मागे सगळं सोनेरी आणि रिकामं. मी जो फोटो मनात ठरवून गेले होते, तो उभा असलेला, अंगठी घालतानाचा, तो याच्यापुढे काहीच नाही. त्याच्या मागणीत तिचाही हात लागला.

त्यानंतर मी कॅमेरा खाली ठेवला. दहा मिनिटं त्यांना एकटं सोडलं. सूर्य गेला, आणि घराकडे वळलो तेव्हा माडांच्या वर चंद्र येत होता, केवढा तरी मोठा.

घरी आजी ओटीवर बसली होती. ती दोघं अंगणात आली, आजीने फक्त तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, 'म्हणून हवी होती का भरती!' आतून साखर आणायला सांगितली, दोघांच्या हातावर ठेवली. मी तो फोटोही काढला. ओटीवरच्या एका पिवळ्या बल्बच्या उजेडात, आयएसओ ६४०० वर, दाणे दाणे आलेत. तरी आजीचा सुरकुतलेला हात, त्यातली साखर आणि खाली दोन तळवे इतकं स्पष्ट दिसतंय.

---

आजोळ

डोळ्यांत पाणी आलं. पुतळ्यापाशी गेलात का?

---

सुरुबन

गेलो, परतताना सकाळी. तिने आधी खालचं सगळं वाचलं, मग उभी राहिली.

---

खाडीपलीकडे

ओहोटी सापडली ना बरोबर! आता लग्नानंतर मे महिन्यात आंब्याला या. सूर्य तेव्हा सातला मावळतो आणि बराच उत्तरेकडे सरकतो, म्हणजे ताईंना उत्तरेच्या बाजूला उभं राहावं लागेल.

---

उजेडवाला

बफरचं मनाला लावून घेऊ नका. मान हलवतानाचा फोटो सगळ्यांकडे असतो. दोरा तोडतानाचा मी अजून एकही पाहिलेला नाही, पंधरा-सोळा मागण्यांत. रॉ फाइली दोन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर. आणि मूळ रंगाला फार हात लावू नका, जानेवारीतलं ते ऊन मुळातच पिवळं असतं.

---

अबोली

तुम्ही कॅमेरा खाली ठेवून दहा मिनिटं त्यांना सोडलंत, ते वाचून फार बरं वाटलं. तिला माझ्याकडून अभिनंदन सांगा. मी कोण ते सांगायची गरज नाही.

---

सुरुबन

अबोली, तिला सांगितलं. भावाने आधीच सगळं सांगितलं होतं, बेत का बदलला तेही. तिने तुमचा प्रतिसाद वाचला आहे. म्हणाली, 'त्यांना सांग, मला बोलता आलं.'

---

रानमेवा

फोटो इथे टाका ना, दोऱ्याचा तरी!

---

सुरुबन

घरच्या ग्रुपवरसुद्धा तिला विचारल्याशिवाय एकही टाकला नव्हता. इथलंही विचारलं. चेहऱ्याचा नको म्हणाली, हाताचा चालेल. डबी, अंगठी आणि तुटलेल्या दोऱ्याचं टोक, एवढंच दिसेल असा कापून ठेवला आहे. दोरा तिने डबीतच जपून ठेवला आहे. आज प्रिंटवाल्याकडे आजीसाठी मोठा फोटो करायला चालले आहे, तिला कागदावरचा हवा, हातात धरता येईल असा. आले की इथला टाकते.